लेखकाचा कोट घातलेला बाहुला

हे कुणालाही पटणार नाही, पैज लावतो. तरी एकन् एक शब्द खरा आहे. माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीवर गुदरलेला प्रसंग आहे, आणि ती इथेच समोर वाटाणे सोलत बसलीय.

रात्र नव्हती. भर दुपार. घर दुमजली, मधोमध वळणाचा जिना.

बाईसाहेब शाळेत भाषा शिकवतात. नुसते धडे वाचून घेतील तर शपथ. एका लेखकाच्या कथा शिकवायच्या होत्या, तर वर्गाला म्हणाली, हा माणूस मेला कसा ते आधी शोधा, पुरावे त्याच्या कथांतून काढा. एरवी पुस्तक उशाला घेणारी पोरं कथांवर तुटून पडली.

लेखक गेला तो आपल्या घरातल्या त्याच जिन्यावरून पडून. घरात दुसरं कुणी नव्हतं. फक्त बायको.

तिनेच ढकललं, असं लोक म्हणत. तिचं सांगणंही विचित्र. म्हणे, पडल्याचा आवाज आधी आला. धावत गेले, तर हे वर धडधाकट उभे... आणि मग पडले.

असं कोण मानणार? माणसांनी तिच्या दारात पाऊल टाकणं सोडलं. आता ती पार थकली होती. वर्ग घरी आला तेव्हा तिने नवऱ्याचा कोट काढून दिला.

"मरायच्या आत काय ते ठरवा," एवढंच म्हणाली.

पोरांनी कोटात चिंध्या आणि वाळू कोंबून बाहुला केला. वरून तो नुसता सोडायचा. लेखक सापडला त्या जागेपर्यंत पोचला, तर लेखकाचा नुसता तोल गेला. अलीकडेच अडकला, तर त्याला ढकललं, मग म्हातारीची धडगत नाही.

मुलं खाली, खडू घेऊन. म्हातारी आतल्या खोलीत, दार लावून. वर माझी बहीण एकटी, बाहुल्याला कवेत धरून. वळणामुळे तिला खालचं काही दिसत नव्हतं.

खाली पोरांचा कलकलाट चालला होता.

तो थांबला... एकदम.

तिने बाहुला सोडला.

आवाज नाही.

धप्प नाही, खरखर नाही. वळणापर्यंत कोटाची बाही उडताना दिसली, पुढे काहीच नाही. तिने मुलांना हाक मारली.

उत्तर नाही.

भिंतीला धरून ती उतरली... वळणावर कोट पडलेला. रिकामा. चिंध्या नाहीत, वाळूचा कण नाही. आणि त्याची नीट घडी घातलेली.

तेवढ्यात मागे, वरच्या पायरीवर, कुणीतरी खाकरलं...

तिच्या पाठीला बोटं टेकली. बर्फासारखी...

"दादा, पुरे."

बहिणीने मान वर केली नाही.

"बोटंबिटं काही नव्हती. कोटाची घडी तर तू आत्ता मनानेच घातलीस. आणि आवाज आला नाही, हे साफ खोटं."

बरं बाई, आला असेल, मी म्हटलं.

"आला ना. जड माणूस गडगडत खाली जावा तसा. मुलांनी खडूने जागासुद्धा आखली, लेखक सापडला होता तीच."

हातातली शेंग तिने न सोलताच खाली ठेवली.

"बाहुला तेव्हा माझ्या कवेतच होता, दादा."