हेराचा कोट

मंगळवारी सकाळी मास्तरांनी कोटाच्या कव्हरची चेन उघडली आणि आतून भलताच कोट निघाला. जुना, कोपरांवर झिजलेला. हेराचा करडा कोट गेला होता.

दहाच्या सुमाराला ते वहिनींच्या दारात उभे होते. वहिनी खासगी तपासाची कामं घेत. त्यांचे धाकटे दीर, भाऊजी, स्कूटर चालवत आणि कुणी विचारलं नाही तरी मत देत.

"बसा ना," वहिनी म्हणाल्या.

"बसवत नाही."

मास्तर येरझारा घालतच बोलले. ते शिंपी. एका नव्या हेरपटाच्या नायकाचा उरलेल्या शूटिंगसाठीचा कोट त्यांच्याकडे शिवायला आला होता.

"हिनं शिवला. सगळा हिनंच. ती जाऊन महिना झाला. हा तिचा शेवटचा कपडा. आज संध्याकाळी सहाला फिल्मवाल्यांची गाडी येणार."

"कुलूप?"

"शाबूत. काल दुपारी तिघं येऊन गेले, एकेक करून. सगळ्यांना पँट आखूड करून हवी होती! कोट ट्रायल रूममध्येच टांगलेला होता."

"कोण हे तिघं?"

"त्या पिक्चरचे वेडे. छापखान्याच्या माळ्यावर रोज दुपारी जमतात आणि पिक्चर यायच्या आधीच त्याची चिरफाड करतात."

"तसाच दुसरा शिवता येणार नाही का?" भाऊजींनी विचारलं.

मास्तरांच्या येरझारा थांबल्या. "येईल. पण तो हिचा नसेल."

भाऊजींनी स्कूटरची किल्ली उचलली.

दुकान एका खोलीचं होतं. पायरीपाशी चिंध्यांची टोपली, तिच्यात जांभळ्या अस्तराचे तुकडे. भिंतीवर ऑर्डरचा कागद टाचलेला: आतला खिसा डावीकडे, पिस्तुल मावेल असा. भाऊजींनी मशीनवरची कात्री उचलून एक चिंधी कापायला घेतली. चिंधी नुसतीच पात्यांमध्ये दुमडली.

"ठेवा ती. डाव्या हाताची आहे, हिची." मास्तरांनी कात्री काढून घेतली.

"कोट पूर्ण झाला होता?" वहिनींनी विचारलं.

"जवळजवळ. एक दुरुस्ती राहिली होती."

"कसली?"

"किरकोळ." मास्तर खिडकीकडे वळले. "रोज सकाळी कव्हर उघडायचो आणि परत बंद करायचो. हात चालत नव्हता."

तीन वाजता वहिनी, भाऊजी आणि मास्तर छापखान्यात पोचले. मास्तरांना वहिनींनी जिन्यातच थांबवलं. खाली छपाईयंत्र धडधडत होतं आणि वरची जमीन थरथरत होती. भिंतीवर पिक्चरचा आत्तापर्यंत बाहेर आलेला एकुलता एक फोटो होता. नायक समोरून, कोटाची बटणं लावलेली, उजव्या हातात पिस्तुल.

कालचे तिघं तिथं बसले होते: छापखान्याचा मालक पोस्टरवाला, ड्यूटी संपवून आलेली एक नर्स आणि कुरिअर पोचवणारा एक चाळिशीचा गृहस्थ. त्याला सगळे एजंट म्हणत.

"काल दुकानात किती वाजता गेलात ते लिहा," वहिनींनी कागद पुढे केला. पोस्टरवाल्यानं लिहिलं, नर्सनं लिहिलं. एजंटनं उजव्या हातातला कप डाव्या हातात घेतला आणि त्यांच्याखाली लिहिलं.

"कशाला गेला होतात?"

"कोट बघायला, दुसरं काय!" नर्स म्हणाली. "अस्तर जांभळं आहे, एवढाच शोध लागला."

भाऊजींनी वहिनींना कोपरानं ढोसलं. फोटोत अस्तर दिसत नव्हतं.

"मी कव्हरपाशी उभा राहून आलो," पोस्टरवाला म्हणाला. "हात लावायची छाती झाली नाही."

"मी खरंच पँट आखूड करायला गेलो होतो," एजंट म्हणाला.

"तू? अरे, तुझी पँट आधीच घोट्याच्या वर आहे!" नर्स म्हणाली.

"बरं," वहिनी म्हणाल्या, "शूटिंग कुठवर आलंय?"

एवढं पुरलं. तिघं एकदमच बोलायला लागले.

"शेवट पुन्हा शूट करतायत."

"कोण म्हणतं? नुसता आगगाडीतला सीन राहिलाय."

"पुलावरून उडी तो स्वतः मारणार आहे."

"त्या वयात? हाडं गोळा करायला मलाच बोलावतील!"

"आगगाडीत तो पिस्तुल काढणारच नाही," पोस्टरवाल्यानं टेबलावर मूठ आपटली. "लिहून घ्या."

"काढणार!" एजंट ताडकन उठला. "अस्सं!" डावा हात छातीच्या उजव्या बाजूला आत गेला आणि बोट नर्सच्या कपाळावर रोखलं गेलं.

"वा! परत करा बघू," वहिनी म्हणाल्या.

त्यानं परत केलं. तसंच, न बघता.

वहिनींनी मास्तरांना वर बोलावलं.

"वहिनी, ती नर्सच," भाऊजी कुजबुजले. "अस्तर..."

"अस्तराचे तुकडे पायरीवरच्या टोपलीत होते, भाऊजी. जाता-येता कुणालाही दिसतील." त्या एजंटकडे वळल्या. "तुम्ही उजव्या हातानं लिहिता. फोटोतला नायकही पिस्तुल उजव्या हातात धरतो. मग तुमचा डावा हात उजवीकडे कसा गेला?"

एजंट आपल्याच हाताकडे बघत राहिला.

"कागदावर खिसा डावीकडे आहे. पण कोट शिवणारी बाई डावखुरी होती. तिनं तिच्या हाताच्या सवयीनं तो उजवीकडे लावला. तीच दुरुस्ती राहिली होती. हो ना, मास्तर?"

मास्तरांनी मान हलवली.

"म्हणजे हे फक्त कोट अंगात घातलेल्यालाच माहीत. आणि हाताला अशी सवय लागायला तो बराच वेळ घालावा लागतो."

एजंटनं टेबलाखालची डिलिव्हरीची बॅग ओढली. कोट नीट घडी घालून ठेवलेला होता.

"माझा जुना कव्हरमध्ये टांगून हा बॅगेतून घरी नेला. एकदाच आरशासमोर घालणार होतो," तो म्हणाला. "मग काढवेना. सकाळी परत ठेवायला आलो, तर दुकान बंद. नंतर दारात तुमची स्कूटर दिसली."

"गाढवा!" पोस्टरवाला ओरडला. "आणि आम्हाला दाखवलासुद्धा नाहीस?"

मास्तरांनी कोट जवळ घेतला आणि शिवणीवरून बोट फिरवलं.

"मला सकाळीच सांगायचंत," वहिनी हळूच म्हणाल्या.

"हिची चूक चारचौघांत कशाला काढायची? असे खिसे मी आयुष्यभर गुपचूप बदलत आलो. तिला कधी कळू दिलं नाही."

साडेपाचला मास्तर मशीनपाशी बसले. मांडीवर कोट, हातात ब्लेड. वहिनी आणि भाऊजी बाहेर पायरीवर थांबले. आत मशीनचा आवाज होईना. भाऊजी दोनदा उठले, दोनदा बसले.

सहाला गाडीचा हॉर्न वाजला. खिसा अजून उजवीकडेच होता.