हातचे राखलेले दोन सीसी

सिग्नल लाल होता. आभाळातून पाऊसही नाही आणि बर्फही नाही असं काहीतरी गारढोण पडत होतं. तोमोएच्या सायकलशेजारी येऊन थांबलेली पांढरी गाडी सगळा चढ इंजिन ठकठक ठोकत चढली होती. तोमोएला राहवेना. तिने काचेवर टकटक केली.

"इंजिन ठोकतंय तुमचं. ऐकू नाही आलं?"

काच खाली झाली. आतला तरुण हसला. "मला वाटलं, थंडीने माझेच दात वाजतायत."

"दात असते तर दातांच्या डॉक्टरकडे पाठवलं असतं. टायमिंग बिघडलंय. पुढच्या वळणावर निळं शटर आहे, तिथे आणा."

"तिथे कोण भेटेल?"

"मीच. पण सायकलवर आहे, तेव्हा जरा वाट बघावी लागेल."

"बघेन की," तो म्हणाला, आणि मागून हॉर्न वाजेपर्यंत सिग्नल हिरवा झाल्याचं दोघांच्याही लक्षात आलं नाही.

त्याचं नाव कुनिहिको. आठवडाभर कारखान्यात नट-बोल्ट तपासायचे आणि रविवारी गावाबाहेरच्या सर्किटवर गाडी पळवायची, हा त्याचा संसार. निळ्या शटरमागचं मशीन शॉप तोमोएच्या बाबांचं. बाबांचे हात थरथरायला लागले, तेव्हापासून इंजिनांची हेडं, म्हणजे वरची जाड झाकणं, घासायचं काम तिच्याकडे आलं होतं. टायमिंग तर तिने तासाभरात लावून दिलं. तरी पुढच्या शनिवारी स्वारी पुन्हा हजर.

"आता काय बिघडलं?"

"काही नाही. पण..." तो टोपी हातात फिरवत राहिला. "वर्षअखेरच्या शर्यतीत एक मिनिट दहा सेकंदांच्या आत फेरी मारली, तर इथली टीम मला घेणार आहे. नाही जमलं तर आओमोरीला, घरी परत. बाबांची सफरचंदाची बाग आहे, ते किती दिवस वाट बघणार? मला इंजिनाचं कॉम्प्रेशन वाढवून हवंय, म्हणजे वेग वाढेल."

परत जाणार, हे तोमोएला मुळीच आवडलं नाही. जेमतेम दोनदा भेटलेला माणूस! तिने स्वतःलाच दटावलं आणि स्टोव्हवरचं भाजलेलं रताळं मोडून अर्धं त्याच्या हातात दिलं.

मग शनिवार त्यांचेच झाले. इंजिन उघडलं. हेड उलटं ठेवून त्यावर भोकाची पारदर्शक पट्टी बसवली. तिने पट्टी धरून ठेवायची आणि त्याने ब्युरेटच्या मापनळीतून थेंब थेंब रॉकेल सोडायचं. डोकी इतकी जवळ यायची की कोणाचा श्वास कोणता, ते कळू नये.

"माझ्याकडे काय बघताय? नळीकडे बघा."

"नळीत रॉकेल उतरतंय. इथे रंग चढतोय."

"गप्प बसा आणि गणित करा." तिचे कान लाल झाले होते. "पिस्टन एका फेऱ्यात चारशे सीसी जागा झाडतो. तो अगदी वर आला की, गॅस्केट-बिस्केट सगळं धरून, डोक्यावर पन्नास उरतात. मग खाली असताना एकूण किती?"

"साडेचारशे."

"भागिले पन्नास."

"नऊ. नऊपट दाबलं जातं. मला अकरा हवेत."

"मग पन्नासचे चाळीस करावे लागतील. थोडं पातळ गॅस्केट घालून, थोडं हेड घासून."

"एकदम घासून टाका ना!"

"अहो, दाढी आहे का ती, पुन्हा उगवायला?"

तो खो खो हसला. त्या दिवसापासून 'अहो' गेलं आणि 'तू' आलं. ती थोडं थोडं घासायची, तो मोजायचा. हेड काढायचं नसेल, तर पिस्टन वर आणून प्लगच्या भोकातून तेल सोडूनही मोजता येतं, हेही तिने त्याला शिकवलं. शिकवताना त्याचा हात हातात धरावा लागला. दोघांनीही सोडायची घाई केली नाही.

पंचेचाळीस. त्रेचाळीस. बेचाळीस... आता शेवटचे दोन सीसी राहिले होते, धातूचा अर्ध्या मिलिमीटरहून पातळ थर. तोमोएने मशीन सुरू केलं आणि बंद केलं. इंजिन जुनं होतं. अकरापटीला लांब सरळ रस्त्यावर ते पुन्हा ठोकायला लागलं तर? पिस्टन फुटून भर वेगात चाक अडकलं तर? असंच अडकून बाबांचं एक गिऱ्हाईक कठड्यावर आदळलं होतं. त्याचं जळकं हेल्मेट तिने पाहिलं होतं. तिने काहीतरी हातचं राखायचं ठरवलं. तिला सवयच होती ती, कामात आणि बोलण्यातही.

"झालं," ती त्याला म्हणाली. "अकरा."

आयुष्यात पहिल्यांदा ती मापात खोटं बोलली होती.

शर्यतीच्या सकाळी ऊन होतं, पण वारा बोचरा. हेल्मेट चढवण्याआधी कुनिहिको तिच्यासमोर येऊन उभा राहिला. नेहमीची थट्टा नव्हती.

"तोमोए... तुला मला काही सांगायचंय?"

तिच्या ओठांवर सगळं आलं होतं. तुला काही झालं तर मी काय करू? मला तू हवा आहेस, टीममध्ये असलास काय, नसलास काय... तिने मफलर नीट केला.

"तेल बघून घे," ती म्हणाली. "आणि सांभाळून."

मग तो मान हलवून गाडीत बसला.

इंजिनाने एकदाही कुरकुर केली नाही. सरळ रस्त्यावर मात्र दम कमी पडला. एक मिनिट, दहा सेकंद आणि वर आणखी तीन दशांश. तोमोएने फलकावरचे आकडे पाहिले आणि तिला ते राखलेले दोन सीसी आठवले.

तो निघायच्या दिवशी दुकानात आला. बाबांशी बोलला, चहा प्याला. शटरबाहेर गाडीपाशी दोघं उभी राहिली, तेव्हा तो हळूच म्हणाला, "बेचाळीस."

तिचा चेहरा उतरला.

"शर्यतीच्या आदल्या दिवशी मोजलं मी. प्लगच्या भोकातून. तूच शिकवलंस ना?"

"मग... तेव्हाच भांडला का नाहीस? सांगितलं असतंस तर..."

"वाटलं, तुझं काही कारण असेल. सांगशील. म्हणून तर विचारलं होतं."

"भीती वाटली होती मला." शब्द आता धडाधड बाहेर पडले. "इंजिनाची नाही रे, तुझी! तू मला आवडतोस. खूप. तुला काही झालं असतं तर..."

कुनिहिकोने डोळे मिटून घेतले. "हे त्या सकाळी बोलली असतीस, तर मी हरूनसुद्धा इथेच राहिलो असतो. कारखान्यात जन्मभर नट मोजले असते."

"मग राहा ना."

"माझ्या बाबांना शब्द दिलाय. बागेत छाटणी सुरू झालीय, त्यांनी गडी सोडलाय." त्याने गाडीचं दार उघडलं. "आणि खरं सांगू? राग आहे अजून. अकराला इंजिन टिकलं नसतंही कदाचित. पण ते मला ठरवू द्यायचं होतंस. मला खरा आकडा सांगून 'जाऊ नको' म्हणायचं होतंस."

तिला त्याच्याबरोबर जाता येत नव्हतं, आत बाबांचा कप बशीवर थरथरताना ऐकू येत होता. त्यानेही 'चल' म्हटलं नाही. तिच्या मफलरवर पडलेला बर्फाचा कण त्याने बोटाने टिपला आणि गाडी सुरू केली. चढावर इंजिन अगदी सुरेल चाललं होतं. आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत ती शटरपाशी उभी होती.

वसंतात एक नवा मुलगा हेड घेऊन आला. त्यालाही अकरा हवे होते. तोमोएने जागा मोजली, हेड बघितलं आणि पट्टी खाली ठेवली.

"साडेदहापर्यंत करून देईन. अकराला हे टिकेल असं मला वाटत नाही. तुला काही होईल, याची भीती वाटते मला."

मुलगा चकित झाला, मग लाजून हसला. "बरं ताई. मग साडेदहाच करा."

एवढंच तर म्हणायचं होतं. तोमोए मान खाली घालून मशीनकडे वळली आणि डोळ्यांत कचरा गेल्यासारखं करत कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिली.