मोटेचं चामडं

डिंगोऱ्याला माळशेजच्या रस्त्यालगत भरतची कांद्याची चाळ आहे. तिच्यात आता कांदा नसतो. फौजेतून परतल्यावर भरतनं मधले कप्पे काढून टाकले, खालची माती चोपून घेतली, वाळूची दोन पोती आढ्याला टांगली आणि गावातल्या पोरापोरींना बॉक्सिंग शिकवायला सुरुवात केली. बाजूच्या लाकडी पट्ट्या मात्र तशाच राहू दिल्या. दुपारी चारनंतर ऊन त्या पट्ट्यांमधून आत उतरे आणि आत असलेल्या प्रत्येकाच्या अंगावर उजेडाचे पट्टे ओढी. बिबट्याच्या धास्तीनं अंधार पडायच्या आत सगळ्यांना घर गाठायचं असे, म्हणून चार ते सहा हीच शिकवणीची वेळ.

इंद्रायणीबाई रोज चारला येऊन दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसत. छत्तीस वर्षं त्यांनी प्राथमिक शाळेत शिकवलं, अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं. भरतसुद्धा. लग्न त्यांनी केलं नाही. भावाची नात सोनल हीच त्यांची पोर. तिच्या बुटांपासून अंड्यांपर्यंत सगळं त्याच बघत, आणि ती राहायलाही त्यांच्याकडंच होती. अकरा दिवसांनी पुण्यात राज्याच्या संघाची निवड होती. सोनलच्या वडिलांनी सांगून टाकलं होतं, की यंदा नाव लागलं नाही तर हातमोजे माळ्यावर आणि पोरगी मांडवात.

सोनलमध्ये जोर पुष्कळ होता. सैलपणा नव्हता. तो यावा म्हणून भरत तिला स्पीड बॅगवर घाली. छताजवळच्या गोल फळीखाली टांगलेली ती फुगीर चामडी पिशवी. पोरं तिला पेरू म्हणत. पेरूचा फुगीर भाग हनुवटीसमोर यायला हवा. मूठ सैल, कोपर वर, हाताची लहान लहान वर्तुळं. एक ठोसा दिला की पेरू फळीला तीनदा आपटतो. पलीकडं, अलीकडं, पलीकडं. ते तीन आवाज ऐकायचे आणि मगच पुढचा ठोसा द्यायचा. सोनलला तेवढा धीर नव्हता. दुसऱ्याच आवाजाला तिची मूठ सुटे, आणि पेरू वेडावाकडा होऊन तिच्याच नाकावर येई.

"अगं, घाई कुठं चाल्लीय? एस्टी सुटतीय का तुझी?" त्या दिवशीही भरत ओरडला. "तीन ऐक, मंग मार. खांद्यातलं दगड काढ आधी."

"सर, त्योच लई जोरात येतो."

"तू हाणतीसच तशी. बाई, तुमी तरी सांगा हिला. पेरू फोडायचा नाय, फिरवायचा हाय."

त्याच दिवशी तिनं तो फोडला. शिवण उसवून हवा फुस्स झाली आणि पोरं हसली. नवीन मागवला तर यायला आठवडा लागणार होता.

"चामडं मिळालं तर ओतूरचा चांगदेव मोची शिवून देईल," भरत म्हणाला. "पण असं मऊ, जाड चामडं आता आणायचं कुठून?"

"आमच्या माळ्यावर आहे," बाई म्हणाल्या.

हे आपण का बोललो, ते त्यांना नंतर कधी सांगता आलं नाही.

ते मोटेचं चामडं होतं. विहिरीवर इंजिन आलं तेव्हा गावातल्या सगळ्या मोटा कापल्या गेल्या; कुणी वहाणा करून घेतल्या, कुणी बैलांचे पट्टे. बाईंच्या आईनं मात्र त्यांच्या मोटेला कुणाला हात लावू दिला नाही. फेकूही दिली नाही. दर पोळ्याला ती एकटी माळ्यावर चढायची, चामड्याला करंजाचं तेल लावायची आणि खाली उतरली की त्या दिवशी जेवायची नाही. आईला जाऊन एकतीस वर्षं झाली होती. त्यानंतर त्या चामड्याला तेलाचं बोट लागलं नव्हतं. ते वाळून कडक झालं असणार असं बाईंना वाटलं होतं. भरतनं ते खाली काढलं तेव्हा ते ताज्या पोळीसारखं घडी होऊन त्याच्या हातावर लवलं.

ओतूरच्या चांगदेवानं पेरू शिवून दिला. देताना तो म्हणाला, "आज्जी, चामडं उन्हात घातलं व्हतं का? आतून वलं लागतंय. दोनदा पुसलं म्या."

नवा पेरू टांगला तेव्हा निवडीला आठ दिवस उरले होते. भरतनं खांबाला मोबाइल बांधून ठेवला. सोनलला तिचे खांदे दाखवायचे म्हणून तो रोज चित्रण करी. सोनलनं पहिला ठोसा दिला. पलीकडं, अलीकडं, पलीकडं. आणि तिची मूठ थांबली. पेरू फळीला टेकून क्षणभर तिथंच राहिला, आणि एक बद्द आवाज आला. मग तो खाली आला आणि तिनं दुसरा ठोसा दिला.

"शाब्बास!" भरत म्हणाला. "आता कसं थांबलीस?"

"त्योच थांबतो, सर."

बाईंना विहिरीचा वास आला. शेवाळलेल्या दगडाचा, गार. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. चाळीत पाण्याचा थेंब नव्हता.

त्या संध्याकाळी सोनल केस धुवायला बसली तेव्हा बाई तिच्या डोक्यावर पाणी घालत होत्या. तिच्या पाठीवर उजेडाचे तीन पट्टे होते. मोरीला खिडकी नव्हती. बाईंनी पट्ट्यांवरून बोट फिरवलं. ते उजेडाचे नव्हते. कातडी फुगून लाल झाली होती.

"कुठं लागलं गं?"

"कुठं काय? घाल ना पाणी, आत्याआजी. डोळ्यात साबण चाललाय."

दुसऱ्या दिवशी सहा होते. तीन, मग चार बोटं मोकळी जागा, मग तीन. तिसऱ्या दिवशी नऊ. सोनलला ते दुखत नव्हते आणि आरशात दिसतही नव्हते. मात्र तिचा हात सुटला होता. खांदे उतरले, मनगटं वेलीसारखी झाली, डोळे अर्धे मिटले. पेरूचा नुसता धूसर गोळा दिसे. पोरं आपलं काम सोडून बघत उभी राहत.

"काय देवीबिवी आली का हिच्या अंगात?" समृद्धी हसत म्हणाली. ती सोनलबरोबरीची, तिच्याच वजनाची.

पाचव्या दिवशी भरतनं दोघींना समोरासमोर उभं केलं. हलकं खेळा, म्हणाला. सोनल हलकंच खेळली. तिचा हात एखादी माशी हाकलावी तसा गेला, एकदा, दोनदा, तीनदा. समृद्धीचं डोकं मागं गेलं आणि जबड्यातून ओली काटकी मोडल्यासारखा आवाज आला. ती गुडघ्यावर बसली. तिच्या तोंडातून रक्त आणि दोन दात मातीत पडले. सोनल तिच्यासमोर उभीच होती, हात हनुवटीपाशी, डोकं किंचित कललेलं. काहीतरी ऐकायचं राहिलं असावं तशी.

"सोनल! हात खाली घे!" भरत मध्ये पडला. "अगं, माघारी हो!"

तिनं हात खाली घेतले. रात्री जेवताना ती ढसाढसा रडली. "म्या मारलंच नाय गं तिला. माझा हात नुस्ता सैल व्हता."

बाईंनी तिला जवळ घेतलं. तळहाताला पाठीवरचे वळ लागले. त्यांनी ते मोजले नाहीत. त्यांना आकडा माहीत होता.

कारण मोजायला त्या लहानपणीच शिकल्या होत्या. नऊ वर्षांच्या असताना, चौथीच्या स्कॉलरशिपच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, सांगितलं होतं की परीक्षाबिरीक्षा काही नाही, उद्या गव्हाला पाणी आहे, दारं धर. मोट चालली तर पाणी येणार, पाणी आलं तर वाफ्यांची दारं फोडायला कुणीतरी लागणार. म्हणून इंद्रायणीनं तिन्हीसांजेला विळा घेतला आणि मोटेच्या सोंडेजवळ हातभर चिरलं. वर पाहिलं तर विहिरीच्या कडेला बहिरू उभा होता. डोंगराकडून आलेला, त्यांच्या घरचा गडी. त्यानं तिच्या हातातून विळा घेतला आणि म्हणाला, "जा घरला. परीक्षा हाय न्हवं?"

सकाळी अण्णांनी त्याला मोटेच्या खांबाला बांधलं. इंद्रायणी थारोळ्याच्या, मोटेचं पाणी पडतं त्या कुंडाच्या, दगडामागं बसली होती, पाटी छातीशी धरून. अण्णा आसूड तीनदा मारत, मग विचारत, "कुणी कापली?" आणि बहिरू म्हणे, "म्या." मग पुन्हा तीन. सहा वेळा त्यानं सांगितलं. सहा वेळा अण्णांना ते पटलं नाही, किंवा पटलं म्हणूनच ते थांबले नाहीत. सातव्या वेळी तीन वार झाले, प्रश्न झाला, आणि उत्तर आलं नाही.

अण्णांनी पुन्हा विचारलं नाही. दुपारी घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी बैलगाडीतून डोंगराकडं गेलं. बहिरू गावाकडं गेला, असं घरात सांगितलं गेलं. तोवर इंद्रायणी जुन्नरला परीक्षेला बसली होती. तिचा जिल्ह्यात नंबर आला. पुढं शाळा, नोकरी, पेन्शन, हे घर.

सहाव्या दिवशी बाईंनी भरतला सांगितलं, "तो पेरू काढ. जुन्यासारखा दुसरा आण."

"बाई, आता तीन दिस राह्यले. हात बसलाय तिचा. हे काढलं तर पोरगी गेली."

सातव्या दिवशी बाई चारच्या आधीच चाळीत गेल्या. पेरू हातानं उतरवायचा असं ठरवून. पण सोनल आधीच तिथं होती. भरत मोबाइल बांधून बाहेर रस्त्यावर कुणाशी तरी बोलत होता. बाकी कुणी नव्हतं. समृद्धीच्या प्रकारानंतर पोरं यायची बंद झाली होती. पोरीसमोर तो काढायचं बाईंना जमलं नाही. त्या खुर्चीवर बसल्या.

सोनलनं हात उचलले.

पलीकडं, अलीकडं, पलीकडं. बद्द.

आता तो आवाज बाईंना नीट ऐकू आला. मिटल्या ओठांनी म्हटलेला एक लहान शब्द होता तो.

पलीकडं, अलीकडं, पलीकडं. बद्द.

बनियनच्या बाहेर आलेल्या सोनलच्या खांद्यावर वळ उठताना दिसत होते. एकेक करून. बाहेर ढग आले होते, उजेडाचे पट्टे कुठंच नव्हते.

तिसरी खेप. चौथी. तिच्या कोपरातून रक्त ओघळलं. तिचा चेहरा झोपलेल्या पोरासारखा शांत होता.

पाचवी.

सहावी.

पलीकडं. अलीकडं. पलीकडं.

पेरू फळीला टेकून राहिला. बद्द आवाज आला नाही.

सोनलनं मान वळवली नाही. हलक्या आवाजात, घरचं काही विचारावं तसं, तिनं विचारलं, "कुणी कापली?"

बाईंच्या घशात साठ वर्षं होती. मी, असं म्हणायचं होतं. नुसतं एक अक्षर. ही पोर वाचणार होती तेवढ्यानं.

"म्या," असं ऐकू आलं.

पेरू फाटला. हातभर चीर गेली आणि त्यातून ओंजळभर पाणी मातीवर सांडलं.

सोनल मटकन खाली बसली. भरत धावत आला. तिच्या पाठीवर काही नव्हतं. कोपरावर रक्त नव्हतं. "काय झालं? तुमी का रडताय?" ती विचारत राहिली. बाई रडत होत्या, पण छातीवरचा दगड उतरल्यासारखं त्यांना हलकं वाटत होतं. आपण बोललो, एकदाचं बोललो. आयुष्यभर शुद्ध बोललेल्या आपल्या तोंडी शेवटी त्या घरचाच शब्द आला, याचंही त्यांना नवल वाटलं.

फाटलेलं चामडं भरतनं त्यांच्यादेखत विहिरीवरच्या थारोळ्याखाली पुरलं.

दिवेलागणीला बाई पडवीत बसल्या होत्या. आत सोनल भाकरी करत होती. परवाची बॅग तिनं भरून ठेवली होती. भरतनं मोबाइलवर चित्रण पाठवलं होतं. खाली लिहिलं होतं, बाई, शेवटी कोण बोललं? मी तर बाहेर होतो.

बाईंनी चष्मा पुसला आणि चित्रण लावलं.

सोनलची पाठ. फिरणारा पेरू. डाव्या कोपऱ्यात खुर्चीवर बसलेल्या त्या स्वतः. सहा खेपा झाल्या. सातवी झाली. सोनलचा प्रश्न आला.

"म्या," असा आवाज आला. जाड, थकलेला, पुरुषाचा.

बाईंनी मागं घेऊन पुन्हा पाहिलं. मग पडदा दोन बोटांनी मोठा केला. खुर्चीवरच्या म्हातारीचे ओठ घट्ट मिटलेले होते. शेवटपर्यंत ते उघडले नाहीत.

त्यांनी मोबाइल पालथा ठेवला. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, हलका, सैल, एका लयीत.

थप. थप. थप.

मग तो थांबला. तवा तापल्याचा वास यायला लागला, तरी पुढचा आवाज आला नाही.