सत्तेचाळीसने सुरू होणारा नंबर

ठेव तो फोन खाली. उचलू नकोस, आणि उचलून थट्टा तर अजिबात करू नकोस. म्हणे, "मामा, गावातलाच नंबर आहे, बघा कसा खेळवतो त्याला!" मोठा आला खेळवणारा. शटर अर्धं ओढ आणि बसा तिघंही पायरीवर. किल्ल्यांच्या पेटीला पाय लावू नका.

परवा तुम्ही कुणाला हसत होतात रे? उजव्या पायात चप्पल आणि डाव्या पायात काळा बूट घालून फिरतात त्या काकांना. वेडे म्हणालात. मी काही बोललो नाही, कारण दुकानात गिऱ्हाईक होतं. आता बोलतो. ते वेडे नाहीत. त्यांच्याइतका हुशार माणूस या गल्लीत दुसरा नव्हता, आणि घात झाला तो त्या हुशारीनेच.

त्यांना सगळे नंबरकाका म्हणायचे. तेहतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली. खांबावर चढून तारा ओढण्यापासून सुरुवात, सुपरवायझर होऊन निवृत्त. तुम्ही नंबर सांगायचा, काका पत्ता सांगणार. बावीसने सुरू होतोय? बाजारपेठ. एकतीस? नदीपलीकडची वस्ती. पैज लावून लोक हरायचे. घरात माणसं दोनच, काका आणि त्यांची मुलगी ठमी. ठमी हे लाडाचं नाव, चांगली सव्वीस वर्षांची होती, चष्म्याच्या दुकानात काचा घासून द्यायची. आई ती सहा वर्षांची असतानाच गेली. काकांचा जीव की प्राण होती ती पोरगी, पण दाखवतील तर शपथ.

त्या वर्षी गावात फसवाफसवीच्या फोनांचा सुळसुळाट झाला होता. वीज तोडतोय, बँकेतून बोलतोय, तुमचा मुलगा चौकीत बसलाय. आणि नंबर आपल्याच गावच्या कोडचा. लोकांना वाटायचं, इथलाच कुणीतरी आहे, खोटं कशाला बोलेल? समोरच्या इमारतीतल्या शिवणवाल्या मावशी अशाच बुडाल्या. त्या रडत आल्या तेव्हा काकांनी मनावर घेतलं. "नंबरसुद्धा मुखवटा घालून येतो, मावशी. मुखवटा ओढायला शिकवतो सगळ्यांना," म्हणाले.

गुरुवारी संध्याकाळी सात वाजता इमारतीच्या खालच्या खोलीत सभा ठरली. पत्रकं छापायला टाकली होती, दोनशे. छापखाना गावाबाहेर, खाणीच्या रस्त्यापलीकडे. ठमी कामावरून येऊन जरा टेकली होती, तेवढ्यात काका म्हणाले, "ठमे, छापखान्यातून पत्रकं घेऊन ये. साडेसातला हातात हवीत."

"बाबा, अंधार पडतोय. खाणीच्या वळणावर सगळी खडी सांडलेली असते. उद्या आणते ना."

"उद्या काय करू त्यांचं? फरशी पुसू?"

ती पुटपुटत स्कूटर काढून गेली. मी तेव्हा समोर दुकान बंद करत होतो. मला म्हणाली, "तुमच्या मित्राला सांगा, पत्रकात माझंही नाव घाला, हमाल म्हणून." मी हसलो. गेली.

सभेला आम्ही वीस-बावीस जण होतो. खोलीत सतरंजी, त्यामुळे सगळ्यांनी पायताणं दाराबाहेर काढलेली. काकांचे काळे बूट अगदी उंबऱ्याशी, पॉलिश केलेले. काकांनी तीन गोष्टी सांगितल्या. नंबर ओळखा. फोन ठेवून त्याच नंबरवर उलटा लावून बघा. आणि घरच्याच माणसाचा आवाज आला तर त्याला घरचा प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर फक्त घरात माहीत आहे.

"आवाजाचं काय घेऊन बसलात?" काका म्हणाले. "आज मशीन तुमच्या पोराचा आवाज हुबेहूब काढतं. रडूनसुद्धा दाखवतं."

आणि नेमका तेव्हाच त्यांचा मोबाइल वाजला. सात वाजून बेचाळीस मिनिटं झाली होती. मी समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघत होतो, भूक लागली होती म्हणून.

काकांनी नंबर बघितला आणि चेहरा असा खुलला म्हणता! "वा! बोलावल्यासारखा आला. गावचाच कोड, आणि पुढे सत्तेचाळीस. सांगा बरं, सत्तेचाळीस कुठलं?" कुणालाच येईना. "खाणीकडचं छोटं एक्स्चेंज. अकरा वर्षांपूर्वी बंद झालं. मीच बंद केलं. शेवटचा फोन वळणावरच्या आमच्या खात्याच्या चौकीत होता, त्याची तार या हातांनी कापली. आता बोला, मेलेल्या लाइनवरून फोन कसा येईल?"

ते खरं होतं. त्या वळणावर मोबाइल चालत नाही. ट्रकवाले तेव्हा हात जोडून आले होते, साहेब, अपघाताला एवढा एक फोन राहू द्या. काकांनी कागदावर लिहिलं, वर्षभरात एकही कॉल नाही, गरज नाही. चौकीला कुलूप लावलं. सात लिव्हरचं पितळी कुलूप. ते मीच विकलं होतं.

तर काकांनी फोन उचलला आणि स्पीकरवर टाकला. आम्हाला बोटाने गप्प केलं.

"बाबा..."

ठमीचा आवाज. अगदी तिचाच.

"बाबा, मी पडले... वळणावर. पायाचं काही कळत नाहीये. या ना लवकर."

काकांनी फोनवर हात ठेवला आणि आम्हाला डोळा मारला. "बघितलंत? माझ्या मुलीचं नावगाव शोधून बसलेत." मग फोनमध्ये, मोठ्या प्रेमाने, "हो का गं बाळा? फार लागलं का?"

शिवणवाल्या मावशी चुळबुळल्या. "अहो काका, पण ठमी त्याच रस्त्याने येतेय ना?"

"म्हणूनच तर! हे लोक पाळत ठेवतात." त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. तरी त्यांनी माझ्या मोबाइलवरून ठमीला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. "वळणावर आहे. तिथे कधीच लागत नाही. दहा मिनिटांत दारात उभी राहील, तेव्हा तिला हिच्याशी बोलायला देऊ." लोक हसले. मावशीही हसल्या मग.

"बाबा, कुणाशी बोलताय? मला गार वाटतंय..."

"येतो हं. पण आधी घरचा प्रश्न. लहानपणी माझा डावा बूट कुठे लपवला होतास?"

त्याची गोष्ट आम्हाला नंतर कळली. आई गेल्यावर काकांची बदली झाली आणि ठमीला आत्याकडे ठेवायचं ठरलं. निघायच्या दिवशी पहाटे डावा बूट गायब. बाबा जाऊ नयेत म्हणून तिने तो पिठाच्या डब्यात पुरला होता. काकांची गाडी चुकली, एक दिवस जास्त मिळाला तिला. सापडला तेव्हा बूट पांढराफटक, आणि बापलेक दोघंही हसून लोळले. तोच हा प्रश्न.

फोनवर नुसता श्वास.

"बूट... बाबा, डोकं फुटलंय हो. मला काही... कपाटात?"

"चूक!" काका ओरडले. "अजून दोन संधी!"

टाळ्या पडल्या. आम्ही सगळे हसत होतो. आणि मागच्या रांगेतून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "काका, पोरगी रडते मात्र झकास हं! बक्षीस द्या!"

तो मी होतो.

ऐकताय ना? तो मी होतो. तिला लहानपणी खांद्यावर घेऊन फिरवलेला माणूस. तिने माझा आवाज ओळखला. म्हणाली, "काका... कुलूपवाले काका, तुम्ही तरी सांगा ना बाबांना."

मला क्षणभर कसंतरीच झालं. पण नंबरकाकांनी माझ्याकडे बोट दाखवलं, बघा, याचीही माहिती काढलीय! आणि मी मान डोलावली.

"पलंगाखाली?" ती म्हणाली.

"चूक!"

"बाबा, तुम्ही मला ओळखत का नाही?"

"बाई, मी तुला चांगलाच ओळखतो. शेवटची संधी."

मग ती प्रश्नाचं काही बोललीच नाही. पाणी मागितलं. अंधार आहे म्हणाली. पत्रकं भिजली म्हणाली, रागावू नका. काका घड्याळ दाखवून आम्हाला सांगत होते, जितका वेळ हे आपल्याशी बोलतील तितका वेळ दुसऱ्या कुणाला फसवणार नाहीत, म्हणून लोंबकळत ठेवायचं. एकोणीस मिनिटं लोंबकळत ठेवलं. मध्येच त्यांनी चहासुद्धा सांगितला.

हळूहळू हसणं कमी झालं. कंटाळा आला म्हणा... की आणखी काही. फोनमधून नुसता श्वास यायचा. थांबायचा. यायचा.

मग थांबला.

काका म्हणाले, "हरली." आणि ठेवला फोन. लगेच दुसरा नियम करून दाखवला, त्याच नंबरवर उलटा फोन लावला. यंत्रातली बाई म्हणाली, हा नंबर अस्तित्वात नाही. सगळ्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मीही.

ठमी आली नाही, तर छापखान्यातच खोळंबली असेल म्हणत आम्ही गप्पा मारत बसलो होतो. साडेनऊला पत्रकावरचा पत्ता बघून एक ट्रकवाला दारात आला. त्याच्या हातात पत्रकांचा गठ्ठा होता. वरच्या कागदावर जाड अक्षरांत छापलेलं, गावचा नंबर दिसला म्हणून विश्वास ठेवू नका. कागद ओला होता. पाऊस नव्हता हं तेव्हा.

काका धावत दाराशी आले आणि बूट घालायला वाकले. उजवा होता. डावा नव्हता. वीस जणांच्या चपला उलट्यापालट्या केल्या, डावा बूट काही सापडला नाही. काकांनी कुणाच्यातरी चपला पायात अडकवल्या आणि आम्ही गाडी काढली. इथून ते वळण नऊ मिनिटांवर आहे. नऊ.

ती चौकीच्या दाराला टेकून बसली होती. बाहेरून. सरपटत तिथवर आली होती. मोबाइल रस्त्यात फुटून पडलेला. चौकीला कुलूप. माझंच. डॉक्टरांनी सांगितलं, आठपर्यंत तरी जिवंत होती, वेळेत आणली असती तर वाचली असती. हे त्यांनी काकांच्या तोंडावर सांगितलं. त्या फोनचं त्यांना कुठे ठाऊक होतं?

काका रडले नाहीत. आता गावातल्या नंबरवरून कुणाचाही फोन आला तरी ते उचलतात. समोरचा भामटा जे मागेल ते देतात, आणि देताना एवढंच विचारतात, "लागलं नाही ना गं?" त्यांच्या घरात आता भिंती तेवढ्या राहिल्यात. भामट्यांनी नंबर एकमेकांना वाटलाय.

ती गेली त्याच्या चौथ्या दिवशी सकाळी ते माझ्या दुकानात आले. "चौकी उघडायची आहे. किल्ली कधीच हरवली. तपासायला हवं," म्हणाले. तपासायला हवं! मी हत्यारं घेतली.

आता नीट ऐका, कारण हे मी माझ्या धंद्याची शपथ घेऊन सांगतो. चाळीस वर्षं कुलपं उघडतोय. त्या कुलपाला अकरा वर्षांत कुणी हात लावला नव्हता. भोकात गंज बसून दगड झाला होता, मला शेवटी कापावं लागलं. खिडकी नाही. आत एक टेबल. टेबलावर तो जुना फोन, रिसीव्हर जागेवर. तार भिंतीपासून वीतभर अंतरावर कापलेली. जमिनीवर बोटभर धूळ... आणि त्या धुळीवर पाऊल नाही. उंदराचंसुद्धा.

काका दारातच थांबले. मी बॅटरी आत मारली.

फोनच्या शेजारी... बूट होता.

डावा. काळा. गुरुवारचं पॉलिश तसंच चमकत होतं.

मी म्हटलं, काका, नका जाऊ. ते गेले. बूट उचलला. बॅटरीच्या उजेडात आत बघितलं. मीही बघितलं. टोकापर्यंत मूठभर पीठ होतं. पांढरं. कोरडं. बोटांनी दाबून बसवलेलं, लहान मुलाच्या बोटांनी दाबावं तसं.

काकांनी ते झटकलं नाही. तिथेच टेबलाला टेकून डाव्या पायातली चप्पल काढली आणि बुटात तसाच पाय घातला.