शेवटच्या बांधापर्यंत

कालव्याच्या टोकाचा लाकडी बांध फुटल्याचं कळलं, तेव्हा ऑगस्ट, आमचा ऐन कोरडा हंगाम, अर्धा सरला होता. बांधामागे आमचं जेलुतुंगच्या झाडांचं शेवटचं रान होतं. त्यांच्या चिकावर काहायान नदीकाठची अकरा घरं जगत होती. आमची जमीन म्हणजे नुसता कुजलेला पाला नि लाकूड. कालव्यातून पाणी वाहून गेलं की ती सुकते, आणि सुकली की जमीनच पेटते. बांध तातडीनं बुजवायला हवा होता. रांताऊमामा, माझी मावसबहीण लामियांग आणि मी, तिघं होडीत फळ्या आणि मातीची पोती भरून कालव्यातून निघालो.

पाण्याची पातळी मोजायला जागोजागी जमिनीत नळ्या पुरलेल्या होत्या. लामियांग प्रत्येकीत पट्टी सोडत होती. फेब्रुवारीत इथं गुडघाभर पाणी असतं. पहिल्या नळीत ते वीतभर खाली होतं, पाचवीत हातभर. सातवीतून पट्टी कोरडीच वर आली.

"मामा, खाली पाणीच नाही."

"नळी बुजली असेल," मामा म्हणाले. "तुझी पट्टी तुझ्यासारखीच, अर्ध्यावर कंटाळते."

पण लगेच होडीही चिखलात रुतली. फळ्या खांद्यावर घेऊन आम्ही काठानं चालू लागलो. पायाखाली भुसभुशीत, गरम भुगा. ज्वाळा कुठंच नाही. फटींतून मात्र धुराच्या बारीक रेघा निघत होत्या. मामा सर्वांत पुढे होते.

आणि ते कमरेपर्यंत आत गेले!

जमीन आतून जळून पोकळ झाली होती. मी फळी आडवी टाकली. लामियांगनं त्यांचे दंड धरले. ओढलं. सुटले! उजवा पाय घोट्याखाली भाजून सोलवटला होता. परत फिरू, असं मी म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. माझ्या खांद्यावर हात टाकून लंगडत ते बांधापर्यंत आले.

बांधाचे दोन खांब उभे होते. अलीकडे कालव्याच्या कोरड्या तळाला भेगा पडल्या होत्या, आणि पलीकडेही.

"ठोकू या फळ्या," मी म्हणालो.

"काय अडवायला?" लामियांगनं विचारलं.

मामा खांबाला टेकून खाली बसले. मग म्हणाले, "सामान टाका. मलाच उचला."

मागचा रस्ता धुरानं बंद झाला होता. दोन फळ्या बांधून त्यांवर मामांना घेतलं आणि रानातून नदीकडे निघालो. वारा नव्हता, तरी झाडं कोसळत होती. मुळं खालीच जळली होती. एक डावीकडे! एक अगदी समोर! आम्ही बुंध्यांवरून चढत, ठेचकाळत राहिलो. तिसऱ्या प्रहरी नदी लागली. मामांचा पाय पाण्यात ठेवला, तेव्हा ते पहिल्यांदा ओरडले.

रान अडीच महिने धुमसलं. मामांच्या पायाची दोन बोटं कापावी लागली.

डिसेंबरात पाऊस लागला, आणि मामांच्या हट्टापायी आम्ही तिघं पुन्हा गेलो. जमीन इतकी खचली होती की होडी थेट रानाच्या जागेवरून गेली. चहूकडे काळं, स्थिर पाणी. मामांनी बांबू खाली सोडला. तो छातीएवढा बुडाला.

"आता हे पाणी कुठं जात नाही," ते म्हणाले. "बांधसुद्धा लागत नाही."