वाकडी रिंग

“बॉल उडायच्या आधीच डावीकडं कशा काय पळता हो तुम्ही?”

दौंडच्या मैदानावर बास्केटबॉलचा सामना हरून करुणा नळाखाली तोंड धूत होती. शिरूरच्या कॉलेजात रिंगवरून परतलेला एकही बॉल तिच्या हातून सुटत नसे, आणि इथे तिला एकसुद्धा रिबाउंड मिळाला नव्हता. त्यात हा कोण उपटसुंभ? उंच, सावळा, गळ्यात शिट्टी...

“तुम्हाला काय करायचंय?”

“काय न्हाई. पण बॉल कुठंबी पडो, तुम्ही आपल्या डावीकडंच. का, तेवढं सांगा.”

तिलाही सांगता येईना. एसटीत बसल्यावरही तो प्रश्न काही डोक्यातून जाईना.

रविवारी तो चक्क शिरूरला हजर! महेंद्र त्याचं नाव, दौंडच्या पोरींचा सराव घ्यायचा. “चैन पडंना, म्हणून बघायला आलो,” म्हणत त्याने मान वर केली आणि खो खो हसत सुटला. पोरांनी लोंबकळून लोंबकळून रिंग डावीकडे झुकवली होती. चुकलेला बॉल घरंगळत तिकडेच पडायचा. सगळ्या शिरूरला त्याची इतकी सवय, की कुणाला ते खटकतही नव्हतं.

“हसू नका,” करुणा लालबुंद झाली. “महिनाअखेर जिल्ह्याच्या संघाची निवड हाय, तीबी दौंडलाच. न्हाई झाली तर खेळ बंद, असं आबांनी बजावलंय मला.”

त्याचं हसू मावळलं. “नट ढिले झालेत नुसते. पुढच्या येळी पाना आणतो, सरळ करू. तवर बॉल मी फेकतो.”

तो फळीवर बॉल मारायचा, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. करुणाने आधी मायाला, तिच्या मैत्रिणीला, पाठीने अडवायचं आणि मगच झेपावायचं.

“वर नका बघू! आधी माणूस कुठं हाय ते बघा. बॉल काय, येतोच खाली.”

“तुम्ही तर बॉल फेकून माझ्याकडंच बघत बसता...”

“मी... नियम पाळतो,” तो म्हणाला, आणि माया खुदकन हसली.

दर रविवारी तो यायचा. दर रविवारी पाना विसरायचा. शिट्टी आठवणीने आणायचा, येताना भेळ आणायचा, मायाचा दुखरा गुडघासुद्धा लक्षात ठेवायचा. मग पानाच कसा विसरतो हा? करुणाला भारी नवल वाटायचं. आणि तो विसरला की बरंही वाटायचं.

निवडीच्या दिवशी पहिला बॉल उडाला, तसे तिचे पाय डावीकडे वळू लागले. तिने ते आवरले. शेजारची मुलगी शोधली, तिला पाठ लावली, तेव्हा कुठे वर पाहिलं. बॉल उजवीकडे येत होता. तो तिने दोन्ही हातांनी खेचून घेतला, आणि मग एकामागून एक घेतच राहिली.

निवड झालेल्यांत तिचं नाव वाचलं गेलं. धापा टाकत ती महेंद्रजवळ आली. “पाणी द्या की.”

“पिशवीत हाय, घ्या.”

तिने पिशवीत हात घातला. बाटलीच्या आधी हाताला काहीतरी जड, गार लागलं. पाना होता.

“ह्यो... कवापास्नं हाय इथं?”

महेंद्रचे कान तापले. “दुसऱ्या रविवारपासनं,” तो हळूच म्हणाला. “रिंग सरळ झाली असती तर... यायचं कसं, सांगा?”

करुणा त्याच्याकडे बघतच राहिली. तिला हसू येत होतं आणि डोळेही भरले होते. तिने पाना परत पिशवीत ठेवला, वर टॉवेल झाकला.

“पुढच्या रविवारीबी विसरा,” ती म्हणाली.