वळणामागे विरलेला लोट

"ती बघ, आणखी एक गाडी!" टेकाडावरून एलायजा ओरडला.

खाली डेम्पस्टर नावाचा, दूर उत्तरेच्या बर्फाळ मुलखातून जाणारा खडीचा रस्ता. तिथं लांबून गाडी दिसत नाही, तिच्या धुळीचा लोट दिसतो. बारा वर्षांची एफी, तिचा मावसभाऊ एलायजा आणि धाकटी नोरा आजीसाठी पिवळी रानफळं वेचत होती. वेचत कसली, निम्मी तोंडातच जात होती!

"बारीक लोट म्हणजे छोटी गाडी," एफी म्हणाली. "समोरून जाड लोट येतोय, तो ट्रक." पोरीला धूळ वाचता येत होती. शाळेत हे शिकवत नाहीत.

दोन्ही लोट वळणामागे गेले. बाहेर आला एकच. जाड!

बादली भरत आली तरी बारीक लोट दिसेना.

"फोटो काढत असतील," एलायजा म्हणाला.

"इतका वेळ? अस्वलसुद्धा कंटाळून निघून जाईल!"

तेवढ्यात खाली पिकअपमध्ये थांबलेल्या विलफ्रेडमामाचा हॉर्न वाजला. मामाला गावच्या मेळ्यात फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवायचं होतं. मोठ्या माणसांना उशीर झाला की दिसायचं बंद होतं.

पोरांना घेऊन पिकअप वळणावर आली. रस्ता रिकामा!

"मामा, थांब! इथं गाडी होती."

"होती ना? मग गेली."

"गेली तर धूळ कुठंय?"

"एफी, तोंड बंद ठेव."

एफीनं पायाशी असलेली बादली गुपचूप जाकिटाखाली ढकलली. "अगं बाई! आजीची बादली वरच राहिली!"

मामानं करकचून ब्रेक मारला. अख्ख्या गावात तो घाबरायचा ते एकट्या आजीला!

तिघंही टुणकन खाली उतरली. रस्त्याची मऊ कड ढासळली होती. खाली झुडपं मोडलेली, आणि त्यांच्याआड ओढ्यात कलंडलेली एक निळी गाडी! एक म्हातारा दाराशी झटत होता. ओरडून ओरडून त्याचा घसा बसला होता. आत त्याच्या बायकोचा पाय अडकलेला आणि बर्फाचं पाणी तिच्या कमरेपर्यंत चढलेलं.

"दोर आण, एलायजा! नोरा, घोंगड्या!" आता मात्र मामा ओरडत खाली धावला. त्यानं गाडी दोरानं पिकअपला बांधली, पहारीनं दार उचकटलं आणि बाईंना अलगद उचलून वर आणलं. त्यांचे ओठ काळेनिळे पडले होते. एफीनं त्यांचे हात स्वतःच्या काखेत धरले, ते थेट दवाखाना येईपर्यंत.

मेळ्यात मामानं फिडल बाजूला ठेवलं. "आज दोन जीव वाचले," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "मी तर पुढं निघालो होतो. पोरांनी मला फसवून थांबवलं."

आमच्याकडे पहिलं ताट म्हाताऱ्यांचं. पोरांनी वाढायचं, मग खायचं. त्या दिवशी गावात सगळ्यांत थोरली, अख्खं गाव जिला आजी म्हणतं ती युनिस आजी काठी टेकत उठली आणि कॅरिबू हरणाच्या मांसानं भरलेलं ताट तिनं एफीपुढं धरलं.

"आजी, आधी तुम्ही..."

"गप! खा. मी वाढतेय."